तळ्यातली फुले ओळखा

वाचकहो, श्रावण-भाद्रपदात गावचे तळे, खाचर, ओढ्याचा डोह सारे हिरवेगार दिसते. आपण त्या सगळ्याला एकच नाव देतो, शेवाळ नाहीतर गवत. पण पाण्यातल्या वनस्पतींची पाने मोठी फसवी असतात. पाणी खोल असले की एक रूप, उथळ झाले की दुसरे. फूल मात्र सहसा आपला घाट बदलत नाही. म्हणून उपटण्याआधी, आणि त्याहूनही शेततळ्यात आणून टाकण्याआधी, फूल येऊ द्या आणि ते नीट पाहा.

हे सांगण्याचे कारण जलपर्णी. हिचा जांभळा तुरा इतका देखणा, की पोरीबाळी तो हौसेने घरी आणतात आणि मुळासकट रोप हौदात सोडतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. हवामान मानवले की पंधरवड्यात दुपटीने वाढते आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तिची खूण सोपी आहे. वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो. भातखाचरात हिचीच एक देशी चुलतबहीण उगवते. तिची फुले निळी, पण लहान, आणि त्यांवर तो डोळा नसतो. ती चिखलात मुळे रोवून उभी असते. जलपर्णी देठाच्या फुगीर भोपळ्यांवर तरंगते. भातात दोन्ही नकोशाच, पण तळे गिळते ती पहिली.

कमळ आणि कुमुद यांत शहरची माणसे हमखास घोटाळा करतात. तुमच्या घरी तो होऊ नये. कमळाच्या फुलात मधोमध शॉवरच्या जाळीसारखा सपाट माथ्याचा गोंडा असतो, त्यातच पुढे कमळकाकडी... नव्हे, कमळगट्टे धरतात. काकडी म्हणतात ती चिखलातल्या खोडाला. कुमुदाला असा गोंडा नाही, आणि त्याचे पान तरंगते व देठापर्यंत चिरलेले असते. कुमुदिनी त्याहून लहान. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांना लव असते आणि मध्यभाग पिवळा.

एके ठिकाणी मात्र फुलावर विसंबू नका. नाळीची भाजी आणि बेशरम, दोघांचे फूल भोंग्यासारखे, फिकट जांभळे. नाळी पोकळ दांड्याने पाण्यावर पसरते आणि पेराला मुळे फोडते. बेशरम काठावर झुडपासारखी ताठ उभी राहते. ती खात राहिलेल्या शेळ्या थरथरतात, लडखडतात. भाजी खुडणाऱ्या घरातल्या बायांनी आधी दांडा पाहावा, मग फूल.

सातारच्या पठारांवर, कासला, पावसाळी डबक्यांत वायतुरा नावाची एक वनस्पती येते. तिचा फिकट गुलाबी-जांभळट तुरा मधूनच दुभंगतो, म्हणून हे नाव. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर ती आढळत नाही. शास्त्रज्ञांनी तिला वेगळी जात म्हणून नाव दिले ते १९८० च्या दशकात. त्या नावातही सातारा आहे. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ साली जागतिक वारसा मानले गेले, त्यांत कासही आहे. तिथले फूल तोडायचे नाही, नुसते पाहायचे.

आपल्या गावचे नमुने मात्र जरूर जमवा. काठावरूनच, टोकाला आकडा बांधलेल्या बांबूने एखादी फांदी ओढून घ्या. वेलीत पाय गुरफटून बुडणाऱ्यांत पोहणारेही असतात, म्हणून मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. नाजूक पाने हातात घेताच लोळागोळा होतात. त्यासाठी परातीत पाणी घ्या, नमुना त्यात तरंगू द्या, खालून जाड कागद सरकवून अलगद उचला. मग वर्तमानपत्रात घालून वर पाट-वरवंटा ठेवा आणि कागद रोज बदला. फुलाचा रंग वाळल्यावर जातो, तेव्हा तो आणि तारीख, तळ्याचे नाव, पाण्याची खोली हे सारे त्याच दिवशी मुलांकडून कागदावर लिहवून घ्या.