संगणक बंद होत नाही? प्लग ओढू नका!



आपल्या वस्तीतल्या अनेक घरांत आता संगणक आला आहे. कुणी जुना घेतला, कुणी हप्त्यावर. मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलीचा टायपिंगचा सराव, मंडळाचा हिशेब, सारे त्या एका पेटीत साठलेले असते. अशा घरांतून आमच्याकडे एक तक्रार वारंवार येते: "शट डाउन केले तरी बंदच होत नाही. पडदा काळा होतो, पण पंखा फिरतच राहतो. मग आम्ही प्लग ओढतो." ही सवय सोडा, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

शट डाउन म्हटल्यावर संगणक लगेच थांबत नाही. उघडे प्रोग्राम मिटवतो, अर्धवट माहिती डिस्कवर उतरवतो आणि मगच वीज तोडतो. वाणी जसा गल्ला मोजून, वही लिहून मगच शटर ओढतो, तसेच हे. मध्येच वीज गेली तर फाइल बिघडते. क्वचित संगणक पुन्हा सुरूच होत नाही. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची ओळ पडद्यावर येई आणि माणूस स्वतः बटण दाबी. पुढे तेही काम संगणकाकडेच आले. तिथे अडखळले की पंखा फिरत राहतो.

तेव्हा क्रमाने असे करावे.

१) प्रथम थांबावे. अपडेट चालू असल्यास पडद्यावर तसे लिहिलेले असते. जुन्या संगणकाला त्यासाठी अर्धा तासही लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे.

२) एखादा प्रोग्राम अडवत असेल तर त्याचे नाव पडद्यावर येते. तिथे 'कॅन्सल' करून फाइल सेव्ह करावी, प्रोग्राम बंद करावा आणि पुन्हा शट डाउन करावे.

३) पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून पाहावे. पेनड्राइव्ह मात्र 'इजेक्ट' करूनच काढावा.

४) २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यात संगणक पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू व्हावा म्हणून आपली काही स्थिती डिस्कवर जपून ठेवतो. कित्येकदा घोटाळा इथेच असतो. शिफ्टचे बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक करावे. तसे केल्यावर नीट बंद झाला तर दोष बहुधा इथलाच. मग कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन, पॉवर बटणाच्या सेटिंगमधून ही सोय काढून टाकावी. याला एक पैसाही लागत नाही.

५) काहीच चालले नाही तर पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. हा शेवटचा उपाय आहे, रोजचा नव्हे.

एवढे करूनही दोष राहिला तर ड्रायव्हर किंवा आतला एखादा भाग तपासावा लागेल. तेव्हा मेकॅनिककडे जरूर जावे, पण जाण्याआधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. "फॉरमॅट मारावे लागेल" असे कुणी म्हटले तर मान डोलावू नये. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. काय बिघडले आहे, कोणता भाग बदलणार, जुना भाग परत देणार का, हे विचारावे आणि बिल लिहून घ्यावे.

ही माहिती घरातल्या एकट्या मुलाकडे राहू देऊ नका. आई, बहीण, सून, सर्वांना यातल्या पाचही गोष्टी करून दाखवा. पोटाला चिमटा काढून घेतलेली वस्तू घरातल्या प्रत्येकाला हाताळता आली पाहिजे.