कॅमेरा फरशीसाठी, माणूस चेंबरसाठी?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एका घरात संडासचे पाणी उलटे वर यायला लागले. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की खाली बाथरूमच्या जाळीतून घाण बाहेर. प्लंबर म्हणाला, लाइन फुटली असेल किंवा बसली असेल, फरशी फोडून बघावे लागेल. घरमालकांनी वर्षापूर्वीच नवी फरशी घातलेली. "अंदाजाने फोडू देणार नाही," असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

मग कॅमेरा आला. चाकावर गुंडाळलेली फायबरची लवचिक दांडी, तिच्या टोकाला दोन बोटांएवढे कॅमेऱ्याचे डोके, भोवती बारीक दिव्यांची कडी. आधी त्यांनी पंपाने लाइनमधले पाणी उपसले, मग ती दांडी चार इंची पाइपात सारत नेली. बाहेर छोट्या पडद्यावर पाइपाचा आतला भाग दिसत होता आणि कोपऱ्यात दांडी किती आत गेली त्याचा आकडा पुढे सरकत होता. नऊ मीटरवर दुखणे सापडले. भाजलेल्या मातीचा जुना पाइप सांध्यात सरकला होता आणि त्या फटीतून झाडाच्या मुळांचा झुपका आत वाढला होता. कॅमेऱ्याच्या डोक्यातून निघणारा रेडिओ संदेश पकडणारे यंत्र वर फरशीवर फिरवून त्या माणसाने खडूने फुली मारली. तेवढीच दोन फूट जागा फोडली, तुकडा बदलला, संध्याकाळपर्यंत काम संपले. कॅमेऱ्याचे साडेतीन हजार झाले. कमिटीत कोणी कुरकुर केली नाही.

तीन महिन्यांनी गेटजवळचे चेंबर तुंबले. सेक्रेटरींनी फोन फिरवला आणि अर्ध्या तासात दोघे जण बांबूच्या कामट्या आणि बादली घेऊन हजर. कामट्या घालून झाल्या, काही हलेना. मग त्यातला एक, विशीतला पोरगा, शर्ट-पँट काढून चेंबरमध्ये उतरला. कमरेपर्यंत मैला. वाकून, हाताने चाचपडत तो पाइपाचे तोंड शोधत होता आणि वरून सेक्रेटरी विचारत होते, "काय लागतंय का हाताला?"

तीन महिन्यांपूर्वी नेमका हाच प्रश्न होता. आत काय अडकले आहे? कुठे अडकले आहे? तेव्हा उत्तर शोधायला कॅमेरा आणला. या वेळी कोणाची फरशी फुटणार नव्हती, म्हणून कॅमेरा कोणाला आठवलाही नाही.

ही तक्रार नाही, कबुली आहे. त्या सोसायटीची खजिनदार मीच आहे. समाजशास्त्रात एम.ए. केले, वस्त्यांमध्ये काम करते, सफाई कामगारांच्या प्रश्नावर व्यासपीठावरून बोलले आहे. त्या दिवशी कामावरून परतताना गेटमध्ये मी हे सगळे पाहिले, "जपून रे भाऊ" म्हणाले आणि वर निघून गेले. थोड्या वेळाने तो पोरगा हातपाय धुऊन व्हाउचरवर माझी सही घ्यायला वर आला. 'चोकअप काढणे, रु. ८००.' दारातून त्याला हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो दिसला. त्याचा चेहरा खुलला. "जयभीम, ताई!" मीही "जयभीम" म्हणाले आणि सही केली. त्या रात्री झोप लागली नाही.

माणूस आत कशासाठी उतरतो?

भावनेपेक्षा आधी कामाचे बोलू. चेंबरमध्ये माणूस दोन कारणांनी उतरवला जातो: बघायला आणि काढायला. बघायचे काम कॅमेरा करतो. सांधा सरकला आहे का, पाइपाला तडा आहे का, मुळे शिरली आहेत का, उतार चुकून मध्येच पाणी साचते आहे का, नव्या बांधकामाचे सिमेंट आत घट्ट बसले आहे का, हे सगळे पडद्यावर दिसते आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवता येते. काढायचे काम पाण्याचा जोरदार झोत मारणारे जेटिंग मशीन आणि मैला ओढून घेणारी सक्शन गाडी करते.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो बघतो, साफ करत नाही. गच्च भरलेल्या लाइनमध्ये त्याला काही दिसत नाही, म्हणून आधी पाणी उपसावे लागते किंवा झोत मारावा लागतो. पण एकदा कळले की बिघाड अमुक मीटरवर आहे आणि तो मुळांचा आहे, की पुढचे काम नेमके होते. दर दोन महिन्यांनी तीच लाइन तुंबते आणि दर वेळी तोच पोरगा उतरतो, याचा अर्थ आपण रोगाचे निदान केलेले नाही. त्याच्या शरीरावर आपण आपली लाइन ढकलत नेतो आहोत.

आणि ते शरीर किती सहज संपते! मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो वास ओळखण्याची नाकाची ताकदच मारून टाकतो, म्हणजे ज्या क्षणी धोका सर्वांत मोठा त्या क्षणी वास येत नाही. आत गेलेला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. म्हणूनच सेप्टिक टँकच्या बातम्यांत मृत्यू बहुतेकदा दोन-तीन-चार असे येतात.

कायदा आपल्या घरापर्यंत येतो

आपल्यातल्या अनेकांचा समज आहे की हा प्रश्न महापालिकेचा, रस्त्यावरच्या मेनहोलचा आहे. २०१३ चा हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा वाचा. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. त्याचे कलम ७ सांगते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, थेट किंवा आडून, कोणालाही गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावू शकत नाही. "कोणतीही व्यक्ती" हे शब्द नीट वाचा. त्यात तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी येतात, घरमालक येतात आणि व्हाउचरवर सही करणारी खजिनदारही येते. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. सफाईसाठी आधुनिक तंत्रज्ञान वापरणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे, असे कलम ३३ म्हणते.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी प्रत्येकी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना न्याय मागायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये भरपाईचा आदेश निघाला.

आता आकडे पाहा. केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ मधल्या अशा ५४ मृत्यूंचे सामाजिक अंकेक्षण करून घेतले. त्यांतल्या ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते. आणि ३८ जणांना कोणीतरी वैयक्तिकरीत्या, परस्पर कामाला बोलावले होते. म्हणजे आमच्यासारखाच एक फोन. सरकारच्याच 'नमस्ते' योजनेत ज्या सुमारे ३८ हजार गटार-सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली, त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून सुमारे ९२ टक्के होते. एकट्या अनुसूचित जातींचे जवळपास ६९ टक्के. कोण उतरते, हे विचारायची गरज उरते का?

"परवडत नाही" आणि "पोट जाईल"

पहिला आक्षेप खर्चाचा. आमच्या सोसायटीत ३२ घरे आहेत. वर्षातून एकदा बाहेरच्या सगळ्या लाइनची कॅमेरा तपासणी केली आणि साडेतीन हजार खर्च आला, तर एका घरामागे वर्षाला सुमारे ११० रुपये पडतात. एका पिझ्झाचेही पैसे नाहीत. तपासणी दुप्पट महाग पडली असे धरले तरी सव्वादोनशेच्या आत. ज्यांनी फरशी वाचवायला एका दिवसात हा खर्च मंजूर केला, त्यांना माणूस वाचवायला तो जड का जातो? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडणार नाही. ते जातीत आहे. फरशीला किंमत आहे, तिचे बिल आहे. चेंबरमध्ये उतरणाऱ्याचे शरीर आठशे रुपयांत, तेही घासाघीस करून, मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. जात श्रम स्वस्त करते आणि श्रम स्वस्त असले की यंत्र 'महाग' वाटू लागते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो कधी कधी कामगारांकडूनच येतो: यंत्र आले तर आमचे पोट कसे चालायचे? हा प्रश्न झटकून टाकू नका. कॅमेरा एखाद्या कंपनीचा, पडदा बघणारा टायवाला आणि मैल्यात भिजलेला पाइप ओढणारा तोच आपला पोरगा, असे झाले तर जात फक्त बाहेर येऊन उभी राहील. म्हणून मागणी दुहेरी हवी. माणूस उतरणार नाही, आणि यंत्र त्याच्याच हातात आले पाहिजे. सफाई यंत्रे आणि गाड्या घेण्यासाठी कामगारांना अनुदान आणि कर्ज देण्याची तरतूद 'नमस्ते' योजनेत आहे. कॅमेऱ्याची दांडी सारणे, पडद्यावरचा तडा ओळखणे, अहवाल लिहिणे हे शिकता येणारे काम आहे. ज्या पोराने इतकी वर्षे हाताने चाचपडून पाइप ओळखले, त्याला ते पडद्यावर इतरांपेक्षा लवकर कळेल.

आपण कुठे उभे आहोत?

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला तर या समाजाने डोकी फोडली. ज्या व्यवस्थेने आपल्याला स्वच्छ पाण्यात बोट घालू दिले नाही, तिनेच सांडपाण्यात अख्खा माणूस उतरवला. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, आपल्या आजी-आजोबांनी उपासमार सोसून ती कामे सोडली. त्या नकाराच्या जोरावर आपण शिकलो, नोकऱ्या मिळाल्या, काहींचे फ्लॅट झाले.

पण एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यातल्या काहींनी ते काम सोडले आणि प्रश्नही तिथेच सोडला. "ते मेहतर-वाल्मिकींचे आहे, ते मातंगांचे आहे, बाहेरून आलेल्यांचे आहे," असे आपल्याच बैठकांत ऐकू येते. त्या पोराची जात मी विचारली नाही. त्याने "जयभीम" म्हटले, तेवढे नाते पुरेसे होते आणि मी ते पाळले नाही. १४ एप्रिलला डीजेची वर्गणी आपण दोन दिवसांत उभी करतो. चेंबरसाठी ठराव मांडायला आपली जीभ का अडखळते? कमिटीत आपली जात उघडी पडेल म्हणून?

काय करायचे?

मी आमच्या सर्वसाधारण सभेत चार ओळींचा ठराव मांडला. एक, सोसायटीच्या कोणत्याही चेंबरमध्ये वा टाकीत माणूस उतरवला जाणार नाही. दोन, तुंबले तर आधी जेटिंग किंवा सक्शन, मग कॅमेरा, मग दुरुस्ती. तीन, वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, कॅमेरा तपासणी आणि तिचे चित्रीकरण दप्तरात जपणे. चार, काम देताना या अटी लेखी घालणे, आणि यंत्र चालवणारा सफाई कामगारांचा गट असेल तर त्याला पहिली पसंती.

तासभर वाद झाला. एक काका म्हणाले, "ताई, तुम्ही यात जात आणू नका." मी म्हणाले, "काका, ती मी आणलेली नाही. ती गेटजवळच्या चेंबरमध्ये कमरेपर्यंत उभी होती, आपण सगळ्यांनी पाहिली." तळमजल्याच्या त्या घरमालकांनी, ज्यांची फरशी वाचली होती, पहिला हात वर केला. ठराव मंजूर झाला, दोन मते विरोधात.

तुमच्या चाळीत, सोसायटीत, वसतिगृहात, ऑफिसात हाच ठराव मांडा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला लेखी द्या. कोणी माणूस उतरवताना दिसला तर काम थांबवा, थांबले नाही तर पोलिसांना आणि महापालिकेला कळवा. मात्र त्या कामगाराची त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नका. ती त्याला मिळवून देणे हे आपलेच काम आहे.

आणि तुम्ही माझ्यासारखे कमिटीवर असाल, तर पुढचे व्हाउचर समोर आले की सही करण्याआधी एवढेच विचारा: आत कोण उतरले होते?

जयभीम.