शिलकी विजेचें मोल

सूर्यकिरणांपासून वीज करणारीं पॅनेलें आतां खानदेशांतील केळीच्या व कपाशीच्या शेतांत जागोजागीं दिसूं लागलीं आहेत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें खर्चाचा दशांश भरला म्हणजे पंप त्याचा होतो. योजना उपयुक्त आहे यांत वाद नाहीं. परंतु हा पंप तारांस जोडलेला नसतो. पिकास पाणी नको असेल त्या दिवशींची वीज विकतां येत नाहीं. ज्या विजेस मोल नाहीं, ती राखून ठेवण्याची बुद्धि कोणास व्हावी? मग पाणी उपसणें हाच तिचा उपयोग उरतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मिळणारी मोफत वीजही हीच संवय वाढविते. तिचा परिणाम काय होतो, हें यावल व रावेर तालुक्यांतील बागायतदारांस सांगावयास नको. त्यांच्या विहिरीच तें सांगत आहेत.

गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील ढुंडी गांवीं निराळा प्रयोग झाला. तेथील सहा शेतकऱ्यांनीं सहकारी मंडळी स्थापून आपले सौरपंप वीज कंपनीच्या तारांस जोडले, आणि २०१६ पासून शिलकी वीज युनिटास ४ रुपये ६३ पैसे दरानें विकण्यास आरंभ केला. करार २५ वर्षांचा. शिवाय पाणी वांचविल्याबद्दल एका संशोधन-संस्थेनें प्रारंभीं युनिटामागें सव्वा रुपया अधिक दिला. म्हणजे उपसलेल्या प्रत्येक घागरीस किंमत आली. पिकास तेवढें पाणी खरोखर हवें कीं नको, हें शेतकरी स्वतःच ठरवूं लागला.

आमच्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेंत जमीन भाड्यानें दिल्यास हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये मिळतात. तें ठीकच, पण तो लाभ जमीन देणाराचा. त्याच वाहिनीवर पाणी जपून वापरणाऱ्यास काय मिळतें?

यावर कोणी म्हणेल, दर चढा ठेवला तर शेतकरी पीक सोडून वीजच विकील. म्हणून दर बेताचा असावा व प्रत्येकाच्या पॅनेलांस मर्यादा असावी. दुसरा धोका थकबाकीचा. १९६९ सालीं स्थापन झालेली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था थकबाकीच्या भारानें वांकली व २०११ सालीं तिचें वीज-वितरण बंद पडलें. हा धडा विसरतां कामा नये.

सामायिक वस्तु शिस्तीनें वापरणें आम्हांस नवें नाहीं. पांझरेच्या बंधाऱ्यांवरील फड पद्धतींत पाण्याची पाळी गांव ठरवी, पाटकरी ती पाळी, व त्याचा मोबदला शेतकरी धान्यांत देत. तोच नियम तारांस लावावा. एका डीपीवरील शेतकऱ्यांची मंडळी असावी. प्रत्येक पंपास मीटर असावा. दर आरंभींच लेखी ठरावा. मोबदला दरमहा खात्यांत जमा व्हावा. जुनी बाकी असल्यास त्यांतील अर्धाच भाग तिच्याकडे वळवावा. आणि अल्पसा हिस्सा तारांच्या दुरुस्तीसाठीं राखावा.

मोबदला वेळेवर हातीं पडला तरच माणूस पंप बंद करील, केवळ उपदेशानें नव्हे. आमच्या संघानें ही मागणी वीज नियामक आयोगापुढें अवश्य मांडावी.