पाय तेवढाच, चप्पल मोठी

बेंगळुरूचा जे. सी. रोड म्हणजे मोटारींच्या साजशृंगाराची बाजारपेठ. पूर्ण नाव जयचामराजेंद्र रोड, पण ते पाटीपुरतं. सीटकव्हर, हेडलाइट, हॉर्न, आरसे... गाडीच्या अंगावर जे जे चढवता येईल ते सारं इथे मिळतं. पावसाळा तोंडावर आला, की टायरच्या दुकानांसमोर छोट्या गाड्या उभ्या राहू लागतात. गाडी आल्टो, वॅगन आर, नाहीतर चार-सहा वर्षं वापरलेली स्विफ्ट. मालक नोकरदार माणूस, मागच्या सीटवर बायको-मुलं. पुढचे दोन टायर घासून पार गोटा झालेले, मागचे अजून बरे. अशा गृहस्थाला दुकानातला पोऱ्या एक प्रश्न हमखास विचारतो, 'सार, एक साइझ वर टाकू का? गाडी रस्त्याला चिकटून चालेल!'

मोह होतोच. गाडीकडे लांबून पाहिलं, की अंगापेक्षा पाय बारीक वाटतात, ही खंत प्रत्येक छोट्या गाडीच्या मालकाला असते. (रुंद टायर दिसायला छान दिसतो, हे खरं कारण. घरी सांगताना मात्र 'सेफ्टी'चं नाव पुढे केलं जातं.) तो जरा चुळबुळला, की दुकानदार खर्चाची सोय सुचवतो, 'चार नकोत, पुढची दोनच टाका. इंजिन पुढचीच चाकं फिरवतं. मागची काय, नुसती फरफटत येतात.'

या सल्ल्यातलं इंजिनाचं वाक्य खरं आहे. 'पुढची दोनच' हे मात्र जिवाशी खेळणारं आहे. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी टायर काय करतो ते पाहायला हवं.

अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या जमान्यात इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी रचना होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सर्वसामान्य कुटुंबाच्या दारात पुढची चाकं ओढणारी गाडी उभी राहिली. मधला लांब दांडा गेला, आत जागा वाढली, वजन घटलं. पण सगळा भार पुढच्या दोन चाकांवर आला. गाडी ओढायची त्यांनी, वळवायची त्यांनी आणि ब्रेक दाबल्यावर बराचसा जोर सोसायचाही त्यांनीच. म्हणूनच अशा गाडीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. एवढं करून टायर बारीकच ठेवले, यात कंपनीची कंजुषी थोडी असेलही. पण बारीक टायर हलका असतो, पॉवर स्टिअरिंग नसतानाही बाईमाणसाला, म्हाताऱ्या माणसाला वळवता येतो आणि पेट्रोल कमी खातो. गाडीचं वजन, इंजिनाची ताकद, स्प्रिंगांचा ताठपणा हे सगळं त्या मापावर बेतलेलं असतं.

आता माप. आल्टोच्या टायरवर १४५/८० आर १२ असं छापलेलं दिसतं. १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडिअल आणि १२ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. पुढे ७४ टी असं काही असतं. त्यातल्या ७४ चा अर्थ एक टायर ३७५ किलो भार पेलतो आणि टी म्हणजे त्याची वेगमर्यादा ताशी १९० किलोमीटर. नवा टायर कितीही रुंद असो, या भारांकापेक्षा खाली उतरायचं नाही, एवढं गृहिणीनंही दुकानात ठणकावून विचारावं.

दुकानदार म्हणतो, टायर रुंद म्हणजे रबर जास्त टेकणार. ऐकायला पटतं, पण हिशेब वेगळाच आहे. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३० पौंड हवा आहे असं धरा. ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब. भागाकार केला, की जवळपास १४० चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे मोठ्या माणसाचा पंजा! सगळं कुटुंब अशा चार पंजांवर धावत असतं. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हा पंजा फारसा मोठा होत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. आधी तो लांबट होता, आता आडवा होतो. आडव्या पंजाचा कोरड्या रस्त्यावर, वळणावर फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक पायरी वर गेलेली गाडी वळताना कमी झुकल्यासारखी वाटते ती त्यामुळेच.

पण पाऊस आला, की हाच आडवेपणा अंगलट येतो. रस्त्यावर साचलेलं पाणी टायरच्या खाचांमधून बाहेर फेकलं गेलं, तरच रबर डांबराला टेकतं. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याच वेळात बाजूला सारायला हवं. ते सरलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. बेंगळुरूत जूनपासून पाऊस असतो, पण खरा धो-धो बरसतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेही नेमका ऑफिस सुटायच्या वेळेला. अशा संध्याकाळी फ्लायओव्हरच्या कडेला साचलेल्या पाण्यातून जाताना नव्या खाचांचा बारीक टायर झिजलेल्या रुंद टायरपेक्षा कितीतरी भरवशाचा. मजा म्हणजे बर्फावरच्या जागतिक रॅलीत धावणाऱ्या दणकट गाड्याही मुद्दाम बारीक टायर लावतात. भुसभुशीत थर कापून खालच्या कठीण पृष्ठभागापर्यंत पोचायचं, तर बारीकच बरा!

आता 'पुढची दोनच' या सल्ल्याकडे वळू. समजा, पुढे नवे रुंद टायर घातले आणि मागे जुने, अर्धे झिजलेले बारीक ठेवले. आता पुढच्या चाकांची पकड वाढली, मागच्यांची तेवढीच राहिली. अशी गाडी दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूहून तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळीवरून बेळगाव-कोल्हापूरकडे निघाली आहे. रस्ता ओला आहे, पुढे वळण आहे, समोर अचानक ट्रक दिसला आणि पाय ब्रेकवर गेला. गाडीचं वजन पुढे झुकलं, आधीच हलका असलेला मागचा भाग आणखी हलका झाला. पुढची चाकं रस्ता धरून बसली, मागची सुटली. गाडी स्वतःभोवती फिरते ती अशी.

उलट, पुढची चाकं आधी घसरली तर गाडी वळायला तयार होत नाही, सरळ जाऊ पाहते. तेही धोक्याचंच, पण घाबरलेला माणूस आपोआप अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो, वेग कमी होतो आणि पकड बऱ्याचदा परत येते. मागची बाजू सुटल्यावर गाडी सावरणं हे सराईत रॅलीवाल्याचं काम. घरच्या ड्रायव्हरला ते जमेल अशी अपेक्षाच चुकीची. म्हणून दोनच टायर घ्यायचे असतील तर मूळ मापाचेच घ्या, ते मागे बसवा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली, तरीही! टायर कंपन्या हेच सांगतात, पण दुकानात हे सांगितलं की पोऱ्या मालकाकडे आणि मालक गिऱ्हाइकाकडे पाहत राहतो. त्याची पर्वा करू नये. आणि मागचे टायरही पुढे आणण्याच्या लायकीचे उरले नसतील, तर चार घ्यावे लागतील.

चारही बदलायचे आणि रुंदच हवे, तर पहिला नियम असा, की चाकाचा बाहेरचा व्यास बदलता कामा नये. दोन-तीन टक्क्यांचा फरक ही शेवटची हद्द. कंपन्या स्वतः हे कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर दिले गेले. रुंदी २० मिलिमीटरनं वाढली, पण बाहेरचा व्यास पहिल्याचा जवळपास ६२०, दुसऱ्याचा ६२१ मिलिमीटर. बलेनोचंही तसंच. १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ यांच्या व्यासात एका मिलिमीटरचाही फरक नाही. तेव्हा आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जे माप असेल, ते डोळे झाकून घ्यावं. मात्र त्याच्या रिमसकट. त्या पलीकडची हौस जे. सी. रोडला शोभते, घराला नाही.

रिमचं महत्त्व बरेच जण विसरतात. बारीक रिमवर रुंद टायर बसवला, की तो मधे फुगतो, बाजू आत ओढल्या जातात आणि वळणावर गाडी डुलते. पाय तेवढाच आणि चप्पल मोठी, अशी गत. रुंद रिम घेतली आणि ती फार बाहेर आली, तर खड्ड्यात स्टिअरिंगला हिसके बसतात, बेअरिंगवर ताण येतो. फार आत गेली तर टायर सस्पेन्शनला घासतो. शिवाय रिम मोठी म्हणजे टायरची बाजू छोटी. स्विफ्टच्या चौदा इंची टायरची बाजू १३२ मिलिमीटर, पंधरा इंचीची १२०. बेंगळुरूच्या खड्ड्यांत हे बारा मिलिमीटर किती मोलाचे, हे टायरला फुगा आला किंवा अलॉय वाकली की कळतं.

आल्टोवाले वेगळाच मार्ग धरतात. रिम तीच ठेवून १४५ च्या जागी १५५/८० आर १२ घालतात. व्यास ५३७ वरून ५५३ मिलिमीटर होतो, म्हणजे तीन टक्के जास्त. हद्दीच्या अगदी कडेवर. गाडी आठ मिलिमीटर उचलली जाते, स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही, म्हणून लोक खूश. पण आता काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी जवळपास बासष्टनं धावत असेल. चढावर तीच गाडी थोडी दमते, कारण मोठं चाक फिरवणं म्हणजे गिअर जड होण्यासारखंच. त्यात बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. हवा विरळ, इंजिनाचा दम आधीच जरा कमी. महिन्याभरात तक्रार सुरू होते, अॅव्हरेज पडलं! थोडं पडतंही, पण काही भाग निव्वळ काट्याचा असतो. शंभर किलोमीटर चाललेली गाडी आता सत्त्याण्णवच मोजते.

कायद्याचंही पाहून ठेवावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच मॉडेलला कंपनीनं दिलेल्या मापात राहिलं, तर पोलीस आणि विमा कंपनी यांच्याशी वाद घालायची वेळ सहसा येत नाही. टायरवर आयएसआयची खूण हवीच. बाजूवरचे चार आकडे वाचावेत. ०८२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या आठव्या आठवड्यातला. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला माल 'स्कीम'मध्ये गळ्यात मारला जातो, तो इथे पकडता येतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की कायद्यानं टायर बाद. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की ती वेळ आली. पावसाळी गावात तोवर थांबूच नये, तीन मिलिमीटर उरले की पुढचा विचार करावा.

नवे टायर बसले, बॅलन्सिंग-अलाइनमेंट झाली, की पैसे देण्याआधी गाडीत पाच माणसं बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला टायर घासला तर आवाज येईल. येताना एकटे आलात तर दुकानातली पोरं हसत बसतील, पण बसतील! हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. रुंद टायर डोळ्याला भरलेला दिसतो, त्यामुळे हवा कमी झाली तरी कळत नाही.

राहता राहिली स्टेपनी. चार चाकं बदलली, पाचवं जुन्याच मापाचं राहिलं, असं बहुतेकांचं होतं. व्यास जुळत असेल तर चालतं. पण पुढच्या चाकाला पंक्चर झाला, तर आळस न करता मागचं एक चाक पुढे आणावं आणि स्टेपनी मागे लावावी. दोन वेगळी चाकं पुढे असली की गाडी एका बाजूला ओढते. ताशी ऐंशीच्या आत, पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंत.