यंत्रपरिचय : जुन्या पोर्शमध्ये ऊब येते कोठून?

मोटारीत ऊब कशी निर्माण होते, असा प्रश्न कोणी केला तर आपण बहुधा असे उत्तर द्याल की, इंजिनाचे गरम पाणी एका लहानशा जाळीतून फिरवितात आणि त्या जाळीवरून पंख्याने हवा आत सोडतात. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे उत्तर अगदी बरोबर आहे. परंतु ज्या गाडीच्या इंजिनात पाण्याचा थेंबही नसतो, तिच्यात ऊब कोठून येणार?

अशा गाड्यांपैकी सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्श कारखान्याची ‘९११’. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तेव्हा तिचे नाव ‘९०१’ असे होते; पण मधे शून्य असलेली तीन आकडी नावे आपली आहेत, असा आक्षेप फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतल्यामुळे शून्याच्या जागी एक आला. इंजिन मागच्या बाजूस, त्याचे सहा सिलिंडर दोहों बाजूंस आडवे, आणि त्यांना थंड ठेवण्याचे काम पट्ट्याने फिरणाऱ्या एका मोठ्या पंख्याकडे. हवेने थंड होणारी ही इंजिने १९९८ पर्यंत निघत होती. या लेखात मात्र आपण १९८९ पर्यंतच्या गाड्यांपुरताच विचार करणार आहोत, कारण तिच्यातील ऊब देण्याची जुनी रचना सर्वांत स्पष्टपणे त्यांतच पाहावयास मिळते.

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या दारी अशी गाडी असेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु फोक्सवॅगनच्या जुन्या ‘बीटल’मध्येही तत्त्वतः हीच योजना आहे, आणि जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांकडे बीटल आपल्याकडील शहरांतूनही दिसतात. ज्यांचे मुलगे-मुली वा भाचे-पुतणे थंड देशांत राहून हौसेने अशी जुनी गाडी घेतात, त्यांनाही ही माहिती कळवावयास हवी. तसे का म्हणतो, ते पुढे ध्यानात येईल.

प्रथम हवेचा मार्ग पाहू. या यंत्रणेचे सारे मर्म त्या मार्गात आहे. पंखा इंजिनाच्या कप्प्यातील हवा ओढून सिलिंडरांवर फेकतो. त्या हवेचा थोडा भाग दोन लवचीक नळ्यांतून खाली उतरतो. इंजिनाच्या खाली, डाव्या व उजव्या अंगास, जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. या नळ्यांभोवती पत्र्याचे एक कवच बसविलेले असते. आतल्या नळीतून कित्येक शे अंश तापलेला धूर वाहतो, आणि नळी व कवच यांच्या मधल्या पोकळीतून पंख्याची स्वच्छ हवा जाते. धुराची उष्णता धातूतून हवेला मिळते. धूर आणि हवा यांची भेट मात्र होत नाही, निदान होऊ नये. या कवचबंद नळ्यांनाच कारागीर ‘हीट एक्स्चेंजर’ म्हणतात.

तापलेली हवा पुढे दोन झडपांपाशी येते, एका बाजूस एक. आपल्याला ऊब नको असेल तेव्हा झडप त्या हवेला गाडीखाली मोकळे सोडते. दोन आसनांच्या मधला दांडा वर उचलला की केबलच्या ताणाने झडप फिरते, आणि हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतील नळीतून पुढे जाऊन पायांपाशी व समोरच्या काचेखाली बाहेर पडते. म्हणजे विझलेल्या चुलीभोवती हात धरावा त्याप्रमाणे, जी उष्णता एरवी वाया जावयाची तीच येथे कामी लावली आहे. खर्च नाही, पाणी नाही, गळती नाही. योजना सुटसुटीत आहे, यात शंका नाही; परंतु प्रवाशाचा श्वास आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये केवळ एक पोलादी पत्रा उभा आहे, ही गोष्ट क्षणभरही विसरून चालत नाही.

आता तक्रारी घेऊ. गाडी तापत नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार. पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतो, म्हणून गाडी उभी असताना व इंजिन मंद चालत असताना ऊब क्षीण असावयाचीच. तो दोष नव्हे. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे चालवूनही पाय गारठत असतील तरच शोध करावा. डाव्या पायापाशी ऊब आणि उजव्यापाशी थंडी, असे असेल तर काम निम्मे झाले, कारण दोन्ही बाजू जवळजवळ स्वतंत्र आहेत आणि दोष थंड बाजूलाच आहे. त्या बाजूची केबल तुटली आहे, झडप गंजून अडकली आहे की नळी निसटली आहे, एवढेच पाहावयाचे.

झडपेच्या तोंडाशी करावयाची एक परीक्षा फार उपयोगी आहे. गाडी उघड्यावर सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, इंजिन तापू द्यावे आणि दांडा खाली ठेवावा. दुसऱ्या माणसाने इंजिनाचा वेग थोडा वाढवला असता झडपेच्या बाहेरच्या तोंडातून गरम हवेचा झोत आला पाहिजे. (हात दूरच धरावा, शेजारची नळी भाजून काढील.) झोत आला तर पंख्यापासून झडपेपर्यंत सर्व ठीक आहे, दोष पुढे आहे. झोत नसेल तर दोष मागे आहे, आणि बहुधा वरची लवचीक नळी फाटलेली किंवा मुळी बसविलेलीच नसते. दांडा उचलताच तो झोत थांबला पाहिजे. न थांबला तर केबल वा झडप काम करीत नाही. पुढील काळातील गाड्यांत इंजिनाच्या कप्प्यात विजेवर चालणारा एक साहाय्यक पंखाही असतो. त्याचा फ्यूज उडाला असेल तर मंद वेगात ऊब येत नाही. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या नळ्यांत उंदरांची घरटी निघतात, हेही ध्यानात ठेवावे.

याच्या उलट तक्रार, म्हणजे उन्हाळ्यातही पायांशी गरम हवा येत राहणे. आपल्या हवामानात ही अधिक छळते. झडपेची बिजागरी गंजली किंवा स्प्रिंग गेली की ती पूर्ण मिटत नाही. झडप सोडवून, साफ करून, उष्णता सोसणारे वंगण लावले की पुष्कळदा काम भागते.

दारांखालच्या पट्ट्या कुजल्या असतील तर तापलेली हवा वाटेतच निघून जाते. पण तेथे ऊब हा गौण प्रश्न होय. त्या पट्ट्यांवर गाडीच्या सांगाड्याचे बळ अवलंबून आहे, आणि त्या कुजलेली गाडी आधी पत्राकाम करणाऱ्याकडे न्यावी.

येथवर जे सांगितले ते सुखसोयीपुरते होते. यानंतरचा भाग जिवाशी संबंधित आहे.

ऊब चालू करताच गाडीत वास येऊ लागला तर तो कशाचा आहे ते ओळखावयास शिकावे. करपलेल्या तेलाचा वास असेल, तर वरून तेल ठिबकून तापलेल्या कवचावर पडत आहे. झडपांच्या झाकणांची गॅस्केटे आणि तेल खाली परत नेणाऱ्या नळ्यांची रबरी वेढणी ही त्याची नेहमीची ठिकाणे. हे त्रासदायक आहे, परंतु उपाय सोपा आहे. धुराचा वास मात्र कदापि सहन करू नये. त्याचा अर्थ असा की आतली नळी कोठेतरी भोक पडून फुटली आहे आणि पंखा धूर थेट आपल्या तोंडाशी आणून सोडीत आहे. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठाने हे पोलाद लवकर खाल्ले जाते.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. आपल्याला जो वास येतो तो धुरातील इतर द्रव्यांचा. म्हणून वास आला तर धोका आहे हे खरे, पण वास नाही म्हणून धोका नाही, असे समजणे हा मोठा भ्रम आहे. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. आरंभी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि मनुष्य त्याचा दोष प्रवासाच्या शिणाला देतो. थंडीच्या रात्री खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेथे जो वायू प्राण घेतो तोच हा. गाडीतून बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर डोकेदुखी कमी होत असेल, किंवा सर्व प्रवाशांना एकाच वेळी अस्वस्थ वाटू लागले असेल, तर संशयाला जागा ठेवू नये. गाडी तत्काळ थांबवावी, सर्वांनी बाहेर पडावे, आणि कोणी गोंधळल्यासारखे वागत असेल तर त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

गंज पाहून घाबरण्याआधी तो कोठे आहे ते पाहावे. बाहेरचे कवच गंजून चाळण झाले असेल तर तापलेली हवा वाटेत सांडते, पाय गारठतात, एवढेच. आतल्या नळीचे भोक ही निराळी गोष्ट आहे, आणि ते कवचाखाली दडलेले असल्याने सहज दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही टोकांच्या लवचीक नळ्या काढून विजेरीने आत पाहावे. काळी काजळी साचलेली दिसली तर तेथे धूर पोहोचला आहे, असे समजावे. अशा वेळी बाहेरून ठिगळ लावून डागण्याची सूचना काही कारागीर करतात. आमच्या मते ती मुळीच मानू नये. तो संपूर्ण भाग बदलावा; गंज न चढणाऱ्या पोलादाचे भागही मिळतात, आणि ते महाग असले तरी दीर्घकाळ टिकतात.

एक दोष असा आहे की नवे भाग घालूनही तो जात नाही. इंजिन आणि गाडीचे शरीर यांच्या मधली फट एका रबरी पट्टीने बंद केलेली असते. ती जुनी होऊन तडकली की इंजिनाखालची दूषित हवा वरच्या कप्प्यात शिरते. पंखा तीच हवा ओढतो आणि निर्दोष नळ्यांतूनही ती आत पाठवितो. धुराचे मूळ कोठेच सापडत नसेल तर या स्वस्त पट्टीकडे प्रथम पाहावे, आणि एक्झॉस्टच्या सांध्यांची गॅस्केटेही तपासावीत.

सुरुवातीच्या काही ९११ गाड्यांत पेट्रोलवर जळणारी एक वेगळी शेगडीही पुढच्या बाजूस बसविलेली असे. ती आज चालू करावयाची असल्यास जाणत्या माणसाकडून आधी सोडवून तपासून घ्यावी. स्वतः प्रयोग करू नयेत.

काही हौशी मंडळी वजन वाचविण्यासाठी ऊब देणारी सर्व रचनाच काढून टाकतात. उष्ण प्रदेशात त्यास हरकत नाही. मात्र पंख्याच्या कवचातून खाली येणारी दोन तोंडे झाकणांनी बंद केली पाहिजेत. ती उघडी राहिली तर सिलिंडरांच्या वाट्याची हवा वाया जाते आणि इंजिन तापते.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस कार्बन मोनॉक्साइड मोजणारे लहान उपकरण गाडीत ठेवावे. घरी भिंतीवर लावावयाची उपकरणे वायूचे प्रमाण अल्प असल्यास तासाभराहून अधिक वेळ गप्प राहू शकतात, म्हणून आकडा सतत दाखविणारे उपकरण निवडावे. प्रथम दांडा खाली ठेवून, नंतर वर उचलून, काचा बंद करून, मोकळ्या रस्त्यावर आकडा पाहावा. दांडा उचलताच तो शून्यावरून वर सरकू लागला तर काचा उघडाव्यात, दांडा खाली करावा आणि गाडी परत कारागिराच्या दारी न्यावी.