स्वामित्वहक्काच्या नोंदी आणि वाङ्मयेतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष देताना आपले प्रबंधकार बहुधा शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वर (१९४३) विसंबतात. दात्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु पुस्तक कोणी लिहिले हे तपासणारे आपण, ते कोणाच्या मालकीचे होते हे मात्र तपासत नाही.

तसे साधन उपलब्ध आहे. स्वामित्वहक्काच्या नोंदणीची सोय १८४७ च्या विसाव्या कायद्याने केली होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे मुद्रकावर बंधनकारक झाले. त्याच्या अठराव्या कलमानुसार शीर्षक, भाषा, लेखक, मुद्रक, प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठे, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळाछाप, किंमत आणि शेवटी स्वामित्वहक्कधारकाचे नाव व राहण्याचे ठिकाण नोंदवले जाई. ही यादी दर तिमाहीस राजपत्रातून प्रसिद्ध होई.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सूचीतील नोंद म्हणजे आपोआप हक्काची नोंदणी नव्हे. दोन रुपये शुल्क भरल्यावरच ती १८४७ च्या कायद्याखालील नोंद मानली जाई. १९१४ च्या कायद्यानंतर ही तरतूदही उरली नाही. म्हणून त्या रकान्यातील नाव हा मालकीचा दावा समजावा, निर्णायक पुरावा नव्हे.

तरीही या दाव्याचे मोल कमी नाही. पहिल्या आवृत्तीत हक्कधारक म्हणून लेखकाचे नाव आणि तिसऱ्या आवृत्तीत प्रकाशकाचे नाव आढळले, तर मधल्या काळात काय घडले, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. लेखनावर उपजीविका शक्य होती काय, या प्रश्नाची चर्चा आपण आठवणी आणि आत्मचरित्रांच्या आधारे करतो. तिला तारीखवार आधार येथे मिळू शकतो.

शोधाची वाट अवघड असली तरी अज्ञात नाही. १८६४ अखेरपर्यंतच्या पुस्तकांसाठी अलेक्झांडर ग्रँट यांची सूची आहे, तर जून १८६७ पर्यंतच्या पुस्तकांसाठी पील यांची. पुढील तिमाही याद्या राजपत्रांच्या जुन्या खंडांत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहात पाहाव्या लागतात. शीर्षके रोमन लिपीत असल्याने वर्णलेखनाचे पर्याय हाताशी ठेवावेत. अपेक्षित तिमाहीत पुस्तक सापडले नाही, तर पुढील दोन-तीन तिमाह्या पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ असे लिहू नये.

१८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि पुस्तके त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९५७ च्या कायद्याखालील हक्कनोंदणी ऐच्छिक आहे. तेव्हा जुन्या याद्यांची उणीव नव्या दप्तरातून भरून निघणार नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी वर्षे वाटून घेऊन या याद्यांची हक्कधारकांनुसार सूची करावी. एम. ए. च्या एका तुकडीला एका वर्षाच्या चार याद्या जड जाऊ नयेत. राजपत्रांचा कागद आपल्या सवडीची वाट पाहणार नाही.