शाळा शाकारताना

गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लामता हे स्टेशन लागते. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घातलेली ही अडीच फुटी सातपुडा लाईन आता ब्रॉडगेज झाली आहे. दोन्ही बाजूंना साल, साग आणि बांबूचे जंगल आहे, मधूनमधून धानाच्या बांध्या. या मुलखातल्या जुन्या ग्रामशाळेची घडण ठरलेली असते: उंच चौथरा, समोर लांब ओसरी, मागे एक मोठी खोली आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर. सिमेंटची नवी इमारत झाली की ही शाळा आधी कोठार होते आणि मग पडीक. ती पुन्हा उभी करायला गावकरी स्वतः पुढे येतात, तेव्हा त्यांना भिंतींइतकीच तिची हकीकतही सांभाळावी लागते.

ती हकीकत मध्यप्रांताची आहे. हा प्रांत 1861 मध्ये झाला, बालाघाट जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून झाला, आणि पुढे तो नागपूर विभागात मोडत होता. सरकारी अनुदान तुटपुंजे असे. जागा आणि लाकूड मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, द्यावे, अंगमेहनत गावाने करावी, अशा रीतीने अनेक शाळा उभ्या राहिल्या. याच रीतीला प्रांतातील काँग्रेसचे नेते रविशंकर शुक्ल यांनी 1938 च्या सुमारास योजनेचे रूप दिले. त्यांच्या विद्यामंदिर योजनेत शाळेसाठी शेतजमीन दान घ्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा विचार होता. नावावरून वाद झाला, 1939 च्या नोव्हेंबरात काँग्रेसचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि योजना मंदावली. तरी शाळेच्या खर्चाचा भार गावाच्या जमिनीने उचलावा ही कल्पना आजही मोलाची आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. घरात पोवारी, गोंडी किंवा मराठी आणि फळ्यावर हिंदी, असे या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचे शिक्षण झाले.

दुरुस्तीला सुरुवात पाण्यापासून करावी लागते. पडक्या शाळेचे पहिले दुखणे बहुधा छपरात असते. कुंभाराच्या चाकावर घडवलेली अर्धगोल कवेलू एकमेकांवर नुसती रचलेली असतात. वारा, मांजरे आणि विशेषतः वानरे ती सरकवतात. म्हणून दर उन्हाळ्याअखेर घर शाकारण्याचा, म्हणजे कवेलू उतरवून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा रचण्याचा रिवाज होता. एक-दोन वर्षे हे राहिले की पाणी वाशांवर उतरते, ओल्या लाकडाला वाळवी लागते आणि मग आढेच वाकते. सालाचे लाकूड टिकाऊ खरे, पण भिंतीत रुतलेले टोक कुजले की वरचा सारा भार खचतो. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीचे लाकूड खाच पाडून जोडणारा सुतार मिळाला, तर बाकी वासा वाचतो. टिनाचे पत्रे घालणे सोपे आणि स्वस्त. पण मे महिन्यात त्याखाली बसणे कठीण, आणि पावसात शिक्षकांचा आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही. गावात कवेलू घडवणारा कुंभार उरला असेल, तर त्याला काम देणे हाही दुरुस्तीचाच भाग मानायला हवा. तो हात थांबला की पुढच्या वर्षी शाकारायला माल मिळणार नाही.

भिंतींचे काम त्यानंतरचे. जुनी वीट मऊ असते आणि तिचा सांधा चुन्याचा किंवा मातीचा. जमिनीतून चढलेली ओल अशा भिंतीतून बाहेर निघून जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि विटेचा पृष्ठभाग भुकटी होऊन गळतो. शाळा पक्की करण्याच्या सद्हेतूने केलेल्या या गिलाव्याने पुष्कळ भिंती बाद केल्या आहेत. तो जपून खरवडून काढावा आणि चुन्याचाच गिलावा द्यावा. चुना जबलपूरपलीकडच्या कटनीत पिढ्यान्‌पिढ्या भाजला जातो. तो पाण्यात पुरता विरवून, वाळू आणि सुरखी मिसळून मळावा लागतो आणि लावल्यावर बरेच दिवस ओला ठेवावा लागतो. भर पावसात तो सुकत नाही, भर उन्हात तडकतो. म्हणून दिवाळी ते होळी हा चुन्याचा हंगाम. दिवाळीआधी घर रंगवण्याची सवय असलेल्या गावाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

जुने ते सगळेच वाचवावे, असा हट्ट मात्र धरता येणार नाही. जुलै 2025 मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या शाळेचे छप्पर कोसळून 7 मुले दगावली. अशा बातमीनंतर जुनी शाळा पाडून टाकण्याचे प्रस्ताव निघतात आणि त्यामागची भीती रास्त असते. अभियंत्याने तपासल्याशिवाय, टेकू लावल्याशिवाय आणि शिक्षण विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय स्वयंसेवकांनी आत पाऊल टाकू नये. मुलांना तर काम संपून इमारत पुन्हा तपासली जाईपर्यंत दूरच ठेवावे.

लोकवर्गणीच्या शाळा लोकांनीच वाचवल्याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागात आहे. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी 1912 ते 1932 या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी 15 राज्यांत सुमारे 5,000 ग्रामीण शाळा उभारायला पैसा दिला. अट अशी की गावानेही वाटा उचलावा. तो वाटा पैशांत आला, तसाच लाकडात, जमिनीत आणि श्रमातही आला. रोझेनवाल्ड यांच्या देणगीची बेरीज सुमारे 43 लाख डॉलर होती, तर गरीब कृष्णवर्णीय समाजाने दिलेली सुमारे 47 लाख. या शाळांचे नकाशेही विचारपूर्वक केलेले होते. विजेविना भरपूर उजेड यावा म्हणून उंच खिडक्यांच्या रांगा पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालाने तिथल्या वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या, आणि पुढे या इमारती ओस पडल्या. 2002 मध्ये त्यांची नोंद धोक्यातील वारसास्थळांत झाली. त्यानंतर अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनीच निधी जमवून त्या दुरुस्त केल्या. कोणाच्या आजोबांनी कोणती तुळई दिली होती, हे त्यांच्या घरांत अजून सांगितले जात होते.

लामत्याच्या मुलखात अशा आठवणींना कागदाचाही आधार मिळू शकतो. जुन्या शाळेच्या कपाटातली दाखल-खारीज नोंदवही ही त्या इमारतीतली सर्वांत मौल्यवान वस्तू. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण, सारे तिच्यात असते. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा. जमातीच्या दाखल्यासाठी त्याआधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, तेव्हा भूमिहीन गोंड किंवा बैगा कुटुंबाजवळ शाळेतली ही एक ओळच असू शकते. म्हणून छपराला हात लावण्याआधी कपाट रिकामे करावे, वह्या सावलीत वाळवाव्यात, पानापानाचे छायाचित्र घ्यावे. मूळ वही मुख्याध्यापकांच्या ताब्यात राहील, एक प्रत जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाईल आणि दुसरी गावाला पाहता येईल अशा जागी ठेवता येईल. दुरुस्त झालेल्या ओसरीत वाचनालय सुरू झाले, तर ती जागा तिथेच मिळते. आणि रोज उघडणाऱ्या खोलीतली गळती पहिल्याच पावसात लक्षात येते.